लिखाणाचं काम सुरू करण्याआधी अर्धे पैसे कसे मागावेत?

नीळीशाई (कोथरूड)
नऊ वर्षं घरून लिहिते: माहितीपत्रकं, संकेतस्थळांचा मजकूर, स्मरणिका. गेल्या वर्षी चाकणच्या एका कारखान्याची स्मरणिका केली. भोसरीला बस बदलून पाच खेपा घातल्या, १२ जुन्या कामगारांच्या मुलाखती घेऊन उतरवून काढल्या. छपाईवाल्याने अर्धी रक्कम हातात पडल्यावरच कागद मागवला. माझे ३४ हजार आठ महिने झाले तरी आलेले नाहीत. पुस्तक मात्र समारंभात वाटलंसुद्धा, आणि मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. ते अजून सलतं.

आता बाणेरहून ४८ हजारांचं काम आलंय, आतेभावाच्या ओळखीने. ओळखीत आधी पैसे मागायला जीभ रेटत नाही. काय म्हणू?

पेठेतला_अनुवादक
ताई, तोंडाने मागूच नका. दरपत्रकात रकमेच्या खालीच लिहा: ‘५० टक्के आगाऊ रक्कम जमा झाल्यावर काम सुरू होईल. ३० टक्के पहिल्या खर्ड्यानंतर, २० टक्के अंतिम मजकूर देण्याआधी. दोन फेऱ्या दुरुस्त्या यात धरल्या आहेत.’ कारणं देत बसू नका. कारण दिलं की घासाघीस सुरू होते. आतेभावाला पैशाच्या बोलण्यात आणू नका, त्यालाही अवघड होतं.

शिंपी पैसे मिळेपर्यंत ब्लाउज ठेवून घेऊ शकतो. आपली फाइल मेलवर गेली की आपल्या हातात काहीच उरत नाही. म्हणून आगाऊ घ्यायचं.

सिंहगडरोड_९
सरसकट ५० टक्क्यांवर अडून माझी दोन कामं गेली. आता १५ हजारांच्या आतलं काम पूर्ण आगाऊ, मोठं असेल तर तीन हप्ते. पहिला ४० टक्के असला तरी चालतो, पण शून्यावर सुरुवात नाही.

हिशेबवही
उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, केली आहे का? ऑनलाइन होते, फी नाही. २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. नोंदणी नवं काम घेण्याआधीच करा, नंतर केली की वाद निघतात. जुन्या ३४ हजारांसाठी वकिलाची नोटीस पाठवा. वसुलीच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते, ती हातची जाऊ देऊ नका.

नीळीशाई
सोमवारी दरपत्रक पाठवलं, कारण एकही लिहिलं नाही. दोन दिवस उत्तर नव्हतं, पोटात गोळा आला होता. मग ‘४० टक्के चालतील का?’ असा मेसेज आला. हो म्हटलं, पण रक्कम आल्यावरच सुरू करीन हे पुन्हा लिहिलं. आज दुपारी १९,२०० जमा झाले. आतेभावाला अजून काही माहीत नाही. उद्यमचा फॉर्म आज रात्री भरते, चाकणच्या बिलाचे कागद वकिलांना द्यायला काढून ठेवलेत.