जेसॉनमधून फाइल पाठवणे: बेस६४ कुठवर वापरावे?

धागा

अलीकडे ज्या वेबसेवांचा कोड तपासण्याचे काम माझ्याकडे आले, त्यांतल्या बहुतेकांत एक पद्धत सारखीच दिसली. वापरकर्त्याने निवडलेले छायाचित्र किंवा पीडीएफ ब्राउझरमध्येच बेस६४ (कोणतेही बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करून त्याची एक लांबलचक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची मालिका, बनवायची, ती जेसॉनच्या (माहिती मजकूररूपात पाठवण्याच्या मांडणीच्या) एखाद्या फील्डमध्ये भरायची आणि सर्व्हरकडे धाडायची. नव्या कामात फाइल पाठवण्यासाठी ही पद्धत वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बेस६४ जन्माला आले ते ईमेलच्या अडचणीतून. १९८२ साली ठरलेला एसएमटीपी हा ईमेल पाठवण्याचा नियमसंच सात बिटांच्या आस्कीसाठी, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांसाठी, होता आणि एका ओळीत हजारापेक्षा जास्त अक्षरे चालत नसत. त्यामुळे चित्र किंवा प्रोग्रॅम पाठवायचा तर त्याला साध्या अक्षरांचे रूप देण्यावाचून गत्यंतर नव्हते. तीन बाइटांचे २४ बिट घ्यायचे, त्यांचे सहा-सहा बिटांचे चार गट पाडायचे आणि प्रत्येक गटासाठी ठरलेल्या ६४ चिन्हांपैकी एक लिहायचे, ही युक्ती त्या काळासाठी उत्तमच होती. पण वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमसंचात, एचटीटीपीत, बॉडीला (विनंतीच्या मुख्य भागाला) असे कोणतेही बंधन नाही. तिथे कोणताही बाइट जसाच्या तसा जातो. मग तीनाचे चार करून आकार ३३ टक्क्यांनी का वाढवायचा?

ही वाढ फक्त कागदावरची नव्हे. आमच्या एका प्रकल्पात स्क्रीनवर ‘८ एमबीपर्यंतची फाइल निवडा’ असे लिहिले होते आणि सर्व्हरची मर्यादाही ८ एमबीच ठेवली होती. तरीही ६ एमबीच्या वरची छायाचित्रे ४१३ हा ‘विनंती फार मोठी’ असा एरर घेऊन परत येत. ६ एमबीचे बेस६४ बरोबर ८ एमबी होते आणि त्यावर जेसॉनची आपली चार अक्षरे असतात, एवढी साधी गोष्ट लक्षात यायला आम्हाला दोन दिवस लागले, कारण चाचणीसाठी वापरलेली सगळी छायाचित्रे लहान होती. मर्यादा वाढवल्यावर पुढचा प्रश्न समोर आला. जेसॉन पार्सर (जेसॉन वाचणारा कोड) सहसा अख्खी स्ट्रिंग मेमरीत घेतो, मग ती उलगडून मूळ बाइट वेगळे ठेवावे लागतात, म्हणजे एकाच फाइलच्या दोन प्रती एकाच वेळी मेमरीत राहतात. मल्टिपार्टमध्ये, म्हणजे एकाच विनंतीचे भाग पाडून फाइल मूळ बाइटांतच पाठवण्याच्या पद्धतीत, हीच फाइल येईल तशी तुकड्यातुकड्याने डिस्कवर उतरवता येते.

प्रतिसाद १

आपला अनुभव मान्य करूनही निष्कर्षाशी मी सहमत नाही. आमच्या कामात एका अर्जाबरोबर वापरकर्त्याची माहिती, दोन कागदपत्रे आणि बोटाने काढलेली सही एकत्र जाते. हे सर्व एकाच जेसॉनमध्ये असले की विनंती एकतर पूर्ण पोहोचते किंवा अजिबात पोहोचत नाही. फाइल वेगळी आणि माहिती वेगळी पाठवायची म्हटले, की मागे उरलेल्या अनाथ फाइली, अर्धवट अर्ज आणि पुन्हा प्रयत्न करताना होणाऱ्या दुहेरी नोंदी या सगळ्यांचा बंदोबस्त करावा लागतो, आणि तो कोड लिहिणाऱ्यालाच नव्हे तर पुढे सांभाळणाऱ्यालाही भारी पडतो.

शिवाय ३३ टक्क्यांचा आकडा जरा जपून वापरावा. बेस६४च्या प्रत्येक अक्षरात सहाच बिटांची माहिती असते, त्यामुळे जीझिप (डेटा संकुचित करण्याची पद्धत) लावले की वाढीव भाग बहुतांशी निघून जातो.

प्रतिसाद २

जीझिपचा मुद्दा अर्धाच खरा आहे. सर्व्हरकडून येणारे उत्तर जीझिप होऊन येते; ब्राउझरकडून जाणारी विनंती मात्र आपण स्वतः व्यवस्था केल्याशिवाय संकुचित होत नाही. फाइल अपलोड करताना वाढीव बाइट पूर्णपणे वापरकर्त्याच्या जोडणीवरच पडतात.

उलट दिशेबद्दल, म्हणजे सीएसएसमध्ये (पानाचे रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये) किंवा पानातच चित्र भरण्याबद्दल, माझे मत धागालेखकांइतके कडक नाही. डेटा यूआरएलची, म्हणजे पत्त्यातच फाइल भरण्याची, सोय १९९८ पासून आहे आणि लहानशा चिन्हासाठी वेगळी विनंती वाचवणे रास्तच आहे. व्हीट हे वेबसाइट बांधणीचे साधन ४ केबीपेक्षा लहान फाइल आपोआप आत घेते, वेबपॅक या तशाच साधनाच्या ॲसेट मॉड्यूलमध्ये ही सीमा ८ केबी आहे, आणि दोन्ही आकडे मला समंजस वाटतात. फॉन्ट मात्र सीएसएसमध्ये कधीही भरू नयेत. सीएसएस पूर्ण येईपर्यंत पान रंगवले जात नाही, म्हणजे वाचकाला पहिला शब्द दिसण्याआधी अख्खा फॉन्ट उतरावा लागतो. आणि पुढे सीएसएसमधला एक रंग बदलला तरी तोच फॉन्ट पुन्हा उतरतो, कारण त्याची स्वतंत्र कॅश (ब्राउझरने जपून ठेवलेली प्रत) उरलेली नसते.

एसव्हीजी या चित्रप्रकाराला बेस६४ करणे तर मला अजिबात पटत नाही. तो मुळातच मजकूर आहे. त्यातले वारंवार येणारे शब्द बेस६४मध्ये सुरुवातीच्या जागेनुसार तीन वेगवेगळ्या रूपांत उमटतात आणि जीझिपला ते ओळखणे अवघड जाते.

प्रतिसाद ३

चर्चा आकाराभोवतीच फिरते आहे, म्हणून एकच जोडतो. बेस६४ म्हणजे गुप्तता नव्हे. बेसिक ऑथेंटिकेशनच्या (नाव-पासवर्ड पाठवून ओळख पटवण्याच्या) हेडरमधला पासवर्ड किंवा जेडब्ल्यूटी या ओळख पटवणाऱ्या टोकनच्या मधल्या भागातली माहिती कोणीही एका ओळीच्या कोडने वाचू शकतो. तरीही ‘एन्कोड केले आहे, काळजी नाही’ हे वाक्य मी बैठकांमध्ये अनेकदा ऐकले आहे, आणि ते ऐकून गप्प बसू नये.

प्रतिसाद ४

मला धागालेखकांचा रोख चुकीच्या जागी वाटतो. दोष बेस६४चा नसून ते न समजता वापरण्याचा आहे, आणि आपण मराठी मजकूर हाताळणाऱ्यांना तो सर्वांत आधी जाणवतो.

ब्राउझरमधल्या, बेस६४ करणाऱ्या ‘बी टू ए’ या फंक्शनला ‘मराठी’ हा शब्द दिला तर ते सरळ एरर देते, कारण २५५च्या पुढचा अक्षरक्रमांक त्याला चालतच नाही. आधी टेक्स्ट एन्कोडरने यूटीएफ-८चे (सर्व लिप्यांची अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचे) बाइट काढावे लागतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये नेमके तीन बाइटांचे असते, त्यामुळे मध्ये जागा नसेल तर प्रत्येक चिन्हाची बेस६४मध्ये नेमकी चार अक्षरे होतात. ‘मराठी’ची पाच चिन्हे, १५ बाइट, २० अक्षरे. इथवर सगळे सुरळीत आहे. पण काना ज्या चार अक्षरांत बदलतो त्यांतले शेवटचे ‘+’ असते आणि पहिल्या वेलांटीचे शेवटचे ‘/’ असते. म्हणजे ‘मराठी’च्या बाराव्या जागी ‘+’ येतो, ‘दिवस’च्या आठव्या जागी ‘/’.

आता ही स्ट्रिंग तशीच यूआरएलच्या क्वेरीत (पत्त्यातल्या ‘?’नंतरच्या भागात) ठेवली तर सर्व्हर ‘+’ला रिकामी जागा समजतो. ती तशीच पानावर परत आली आणि बेस६४ उलगडणाऱ्या ‘ए टू बी’ला दिली, तर ते फंक्शन रिकामी जागा गाळून पुढे जाते आणि कोणताही एरर न देता ‘मराठी’ऐवजी ‘मरस’ आणि त्यापुढे कंस, आठचा आकडा असली चिन्हे हाती देते. इंग्रजी नमुन्यांवर चाचणी करणाऱ्याला हे दिसण्याची शक्यता फार कमी. आपल्या लिपीत मात्र काना नसलेले वाक्य शोधावे लागेल. यावरचा उपाय जुनाच आहे: २००६च्या आरएफसी ४६४८ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात ‘+’ आणि ‘/’ऐवजी ‘-’ आणि ‘_’ वापरणारी, यूआरएलसाठीची वेगळी वर्णमाला दिलेली आहे. ती वापरावी. साधन टाकून देण्याची गरज नाही.

धागालेखकाचे उत्तर

कान्याचे उदाहरण मी स्वतः चालवून पाहिले आणि ‘मरस’ पाहून खरोखर अस्वस्थ झालो. साधन टाकून द्या, असे मात्र मी म्हटलेले नाही. जिथे वाहकच मजकुराचा आहे तिथे बेस६४च योग्य: वेबसॉकेटच्या (सर्व्हरशी सतत खुल्या राहणाऱ्या जोडणीच्या) सुरुवातीच्या हेडरमधली १६ बाइटांची किल्ली, स्क्रिप्ट टॅगच्या इंटेग्रिटीमधला, फाइल बदललेली नाही हे तपासणारा हॅश, जेसॉनमधली ६४ बाइटांची डिजिटल सही. ही सर्व मोजक्या बाइटांची कामे आहेत. माझा विरोध मेगाबाइटांना आहे.

प्रतिसाद १मधील ‘सगळे एकत्र जावे’ ही गरज खरी आहे, पण ती मल्टिपार्टनेही भागते. एक भाग जेसॉनचा, पुढचे भाग फाइलींचे, आणि विनंती एकच. अनाथ फाइलींचा प्रश्न तिथे येतच नाही.

प्रतिसाद १ यांचे उत्तर

मल्टिपार्टमध्ये जेसॉनचा भाग ठेवता येतो हे मला ठाऊक होते. अडचण आमच्या ऑफलाइन रांगेची होती. जोडणी नसताना अर्ज लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरमधल्या साठ्यात) राहतो आणि तिथे फक्त स्ट्रिंग चालते, म्हणून सगळे बेस६४ झाले. मात्र लिहिता लिहिता हेही कबूल करतो, की सुमारे ५ एमबीच्या त्या जागेत दोन कागदपत्रे मावत नाहीत अशा तक्रारी आमच्याकडे आहेत, आणि इंडेक्स्ड डीबी या ब्राउझरमधल्याच दुसऱ्या साठ्यात ब्लॉब (फाइलचे मूळ बाइट) जसाच्या तसा ठेवता येतो. कागदपत्रे तिकडे हलवण्याचा प्रस्ताव मी सहकाऱ्यांपुढे मांडणार आहे. बोटाने काढलेली सही दोन-तीन केबींची असते. ती जेसॉनमध्येच राहील आणि त्याबाबत माझे मत बदललेले नाही.