बाद झालेला गाजला
पियानोवादकाला मिळणारी समीक्षकांची वाहवा म्हणजे निव्वळ बोटांच्या वेगाला दाद, हा मुद्दा मला अर्धाच पटला. नामांकित पियानोवादक होरोविट्झ १२ वर्षांनी, १९६५ मध्ये, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या मंचावर परतला तेव्हा सुरुवातीलाच त्याचे काही स्वर चुकले. तरी ती मैफल आजही नावाजली जाते.

१९८०ची वॉर्सातली, संगीतकार शोपाँच्या नावाची पियानो स्पर्धा तर याहून मजेशीर. पोगोरेलिच हा स्पर्धक अंतिम फेरीआधीच बाद झाला आणि त्याच्या बाजूने उभी राहिलेली मार्था आर्गेरिच (स्वतः याच स्पर्धेची १९६५ची विजेती!) परीक्षकपद सोडून निघाली. जिंकला डांग थाई सन, पण गाजावाजा झाला पोगोरेलिचचा. यात वादनाचा वाटा किती आणि वादंगाचा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं. मला विचाराल तर शोपाँ ऐकावा डांग थाई सनकडूनच.