मदत हवी आहे: 'सक्सेशन'च्या शेवटी शिवचं मन फिरतं ते पटतं का? (मंडईच्या नाटकासाठी विचारते आहे)

बांधीवरची

नमस्कार मंडळी. 'सक्सेशन' ही अमेरिकन मालिका ज्यांनी शेवटपर्यंत पाहिली आहे त्यांची मदत हवी आहे. खाली सगळा शेवट उघड केला आहे, ज्यांची पाहायची राहिली असेल त्यांनी कृपया इथेच थांबावं.

आधी माझी अडचण सांगते. मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. आमच्याकडे भाऊबीजेनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि त्या रात्री नाटक असतंच. वडशाची नाटक कंपनी बोलवायला दरवर्षी पैसा जमत नाही, मग गावातलीच माणसं तीन अंकी नाटक बसवतात. यंदा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. बाप गेल्यावर दोन भाऊ आणि एक बहीण यांच्यात धानाच्या बांध्यांची (शेतांची) वाटणी होते, एवढाच विषय. पहिले दोन अंक सगळ्यांना आवडले. तिसऱ्या अंकात बहीण हक्कसोडपत्र करून द्यायला भावांसोबत तालुक्याला जाते. सगळं ठरलेलं असतं. आणि ऐनवेळी ती अंगठा देत नाही.

वाचन झालं तेव्हा आमचे दिग्दर्शक गुरुजी म्हणाले, "बाई, पोरगी फिरली कायले, हे मलेच नाही समजलं. मंग रात्री दोन वाजता तनशीवर (धानाच्या पेंढ्यावर) बसलेल्या माणसाले कसं समजन?"

मला राग आला नाही, कारण मलाही ते नीट सांगता येत नव्हतं. तेव्हापासून 'सक्सेशन'चा शेवटचा भाग डोक्यात फिरतो आहे. तिथेही हेच आहे. मोठ्या कंपनीचा मालक असलेला बाप गेलेला, मागे केंडल, रोमन हे भाऊ आणि शिव ही बहीण, आणि बहिणीचा शेवटच्या क्षणी नकार. मी 4 सीझनचे 39 भाग इंग्रजी अक्षरं वाचत, थांबवत थांबवत पाहिले. शेवटचा भाग 28 मे 2023 ला आला, जवळपास दीड तासाचा आहे, आणि तो मी तीनदा पाहिला.

थोडक्यात घटना अशी. मॅटसन नावाचा बाहेरचा उद्योगपती बापाची कंपनी विकत घ्यायला बसला आहे. अमेरिकेतला कारभार शिवकडे देईन असं त्याने म्हटलेलं आणि त्या भरवशावर ती भावांच्या विरोधात उभी. मग कळतं की तो तिला वगळणार आहे. आईच्या घरी, बार्बाडोसला, तिन्ही भावंडं एक होतात. विक्री पाडायची आणि केंडलला गादीवर बसवायचं. रात्री स्वयंपाकघरात घरात सापडेल ते सगळं एकत्र फिरवून केंडलला प्यायला लावतात, त्याच्या डोक्यावर ओततात, लहानपणासारखे हसतात. त्या अख्ख्या मालिकेत एवढं निखळ हसणं दुसरीकडे नाही. नंतर न्यूयॉर्कला येतात, संचालकांची बैठक बसते, मतं सहा-सहा होतात, शिवचं एक मत राहतं, आणि ती उठून बाहेर जाते. काचेच्या खोलीत भाऊ मागे येतात, भांडण होतं, आणि शेवटी तिचं मत विक्रीच्या बाजूने पडतं. केंडल संपतो, आणि कारभार तिच्या नवऱ्याकडे, टॉमकडे जातो.

माझा प्रश्न हा. आदल्या रात्री इतक्या मनापासून हसलेली बाई दुसऱ्या दिवशी का फिरते? ती केंडलला म्हणते की तू हे काम चांगलं करणार नाहीस. मग म्हणते की तुझ्या हातून माणूस मेला आहे. पण ही दोन्ही कारणं तिला आदल्या रात्रीही माहीत होतीच की! मग हे खरं कारण आहे, की लिहिणाऱ्यांना धक्का हवा होता म्हणून तिला फिरवलं?

आणि पटत असेल तर आधीच्या कुठल्या प्रसंगांमुळे पटतं, ते सांगा. तेच मला शिकायचं आहे.

आणखी एक सांगायला हवं. माझ्या नाटकातला प्रसंग मी मनाने रचलेला नाही. 2011 च्या हिवाळ्यात माझी आत्या बाबा आणि काकांसोबत हक्कसोडीसाठी गेली होती, मी सोबत होते. तिथे अंगठा ठेवायचं छोटं यंत्र असतं, खाली लाल उजेड येतो. आत्याचा ठसा उमटेना. जन्मभर धानाची रोवणी केलेली बाई, चिखलात अंगठ्याच्या रेघा झिजून गेलेल्या. "मावशी, पुसून ठेवा," असं तो मुलगा तीनदा म्हणाला. आत्याने तीनदा पदराला अंगठा पुसला. तिसऱ्यांदा पुसल्यावर तिने अंगठ्याकडे पाहिलं, तो मुठीत घेतला आणि म्हणाली, "आता नाही. घरी चला." बस्. पुढे त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. त्यानंतरच्या भाऊबीजेला ती आली, तर बाबा ओवाळून घ्यायला पाटावर बसले नाहीत. आत्या आता नाही. तिला विचारायचं माझं राहून गेलं.

---

वैनगंगेकाठचा

स्पष्ट सांगतो, मला तो शेवट पटला नाही. शिव हिशेबी बाई आहे. मॅटसनने तिला कालच दगा दिला आणि आज ती त्याच्याच पदरात कंपनी टाकते? बरं, तिला मिळालं काय? कारभारात काहीच नाही. केंडलजवळ निदान घासाघीस करता आली असती. मला तरी ते लिहिणाऱ्यांनी ओढून आणलेलं वाटलं. त्यांना कुणालाच गादी द्यायची नव्हती, मग कुणीतरी फिरायलाच हवं होतं, ती फिरली.

तुमच्या आत्याचं मात्र लगेच पटलं. का ते मला सांगता येणार नाही.

---

कापसाची वात

वैनगंगेकाठचे भाऊ, थोडं मागे जाऊन पाहा. दुसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात बाप शिवला एकटीला घेऊन सांगतो की माझ्यामागे तूच. पुढे तो शब्द फिरवतो. चौथ्या सीझनमध्ये बाप गेल्यावर भाऊ म्हणतात आपण तिघं एक, आणि खुर्चीवर दोघंच बसतात. नंतर मॅटसन तेच करतो. म्हणजे तोंडी शब्द देऊन तिला बाजूला सारणं, हे तीनदा झालेलं आहे. चौथ्यांदा तिने स्वतःहून हात वर करून दुसऱ्याला बसवायचं, अशी वेळ आली.

आता शेवटच्या भागात बैठकीच्या आधीचा छोटा प्रसंग पाहा. केंडल बापाच्या खुर्चीत बसून टेबलावर पाय टाकतो. शिव ते पाहते. तिला संवाद नाही. माझ्या मते मत तिथेच पडलं, बैठकीत फक्त ते बाहेर आलं. आदल्या रात्री केंडल भाऊ होता. सकाळी त्या खुर्चीत तिला बाप दिसला.

आणि मिळालं काय म्हणाल, तर काहीच नाही, हे खरंच. दोन्हीकडे तिची खुर्ची नव्हतीच. शेवटी गाडीत टॉम तळहात पुढे करतो आणि ती त्यावर हात नुसता ठेवते, धरत नाही. जिंकलेल्या बाईचा हात असा नसतो.

---

बांधीवरची

वात ताई, पाय टाकण्याचा प्रसंग मी तीनदा पाहूनही माझ्या लक्षात आला नव्हता. आज पुन्हा लावला. शिवच्या चेहऱ्यावर फार काही होत नाही, पण ती पाहते हे नक्की.

तरी गुरुजी म्हणतील, तिथे कॅमेरा जवळ जातो. आमच्याकडे बाई स्टेजवर आणि माणसं पार मागे शाली पांघरून बसलेली. नजर कुणाला दिसणार?

---

जुना प्रॉम्प्टर

ताई, मी वीस हंगाम झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, स्टेजवर पडद्याआड बसून संवाद पुरवले आहेत. दिवाळी ते होळी, आज एका गावात, उद्या दुसऱ्या. तुमची ती मालिका मी पाहिलेली नाही, पण माणसं कुठे जागी होतात आणि कुठे आडवी होतात हे मला ठाऊक आहे.

रात्री दहाला सुरू झालेलं नाटक तिसऱ्या अंकात येतं तेव्हा कारण ऐकायला कुणी जागं नसतं. तिथे बहिणीच्या तोंडी लांब भाषण घालाल तर टाळ्या पडतील, पण तुमची आत्या मरेल. भाषण करणारी बाई वेगळी, मूठ वळणारी वेगळी. मागच्या माणसाला नजर दिसत नाही, वस्तू दिसते. पहिल्या अंकात जी वस्तू दाखवली ती तिसऱ्यात परत आली की झोपलेलाही उठून बसतो. तुमच्याकडे वस्तू आहे, अंगठा. तो तुम्ही पहिल्या अंकात दाखवला आहे का?

---

बांधीवरची

नाही दाखवला. पहिल्या अंकात ती लग्न होऊन सासरी गेलेलीच आहे. रोवणीचा प्रसंगच नाही.

काका, तुमचं "भाषण करणारी बाई वेगळी" हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं. कारण खरं सांगते, मी मागच्या आठवड्यात दीड पानाचं भाषण लिहून बसले होते.

---

सातबारा

नाटकातलं मला कळत नाही, कागदातलं सांगतो म्हणजे लिखाणात चूक राहणार नाही. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने तो दिला, आणि त्या तारखेला बाप हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. म्हणून तर भाऊ बहिणीला दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातात, तिने सोडल्याशिवाय तो हक्क जात नाही.

आणि तिने अंगठा दिला नाही तर लगेच काही होत नाही, हे ध्यानात घ्या. तिला जमीन कसायला मिळत नाही, पीक मिळत नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव तेवढं राहतं. बाया ते एका नावासाठी करतात. माझ्यासमोर अशा कितीतरी आल्या आणि बहुतेकींनी अंगठा दिला, साडीचोळी घेऊन गेल्या. न देणाऱ्या थोड्या. त्यांच्यापैकी कुणीही मला कारण सांगितलं नाही.

---

बांधीवरची

सातबारा दादा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. बाबांच्या सातबाऱ्यावर आत्याचं नाव आहे, मी काल रात्रीच फोनवर काढून पाहिलं. तिच्यामागे तिच्या मुलांची चढायची आहेत.

वैनगंगेकाठचे दादा, तुमच्या हरकतीवर मी सगळ्यात जास्त विचार केला. तुम्ही म्हणता शिव हिशेबी आहे, मग हा हिशेब कुठे बसतो. मी काचेच्या खोलीतलं भांडण पुन्हा ओळीने लिहून काढलं, आणि एक गोष्ट दिसली जी आधी दिसली नव्हती. उठून जाते तेव्हा तिच्याकडे कारण नाहीच. ती चाचपडते आहे. माणूस मेल्याची गोष्ट ती काढते तीही चाचपडतच. पहिल्या सीझनच्या शेवटी केंडलच्या गाडीबरोबर तो वेटर पाण्यात गेला, आणि तिसऱ्या सीझनच्या शेवटी इटलीत केंडल धुळीत बसून, रडत, शिव आणि रोमन या दोघांपाशी कबूल झाला. शिवचा हात त्याच्या अंगावर होता. आणि आता खुर्चीसाठी तोच भाऊ म्हणतो की तसं काही झालंच नव्हतं. नंतर ओरडतो की मी थोरला मुलगा आहे. थोरला तर कॉनर आहे, त्यांचा सावत्र भाऊ!

म्हणजे ती कारण घेऊन उठली नव्हती. ती उठली, आणि कारण भावाने तिच्या हातात दिलं. जे एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना खरं होतं, ते खुर्ची समोर आल्यावर खोटं झालं. यापुढे तिला हिशेबाची गरजच उरली नाही. म्हणून मला आता तो शेवट पटतो, अगदी पूर्ण पटतो. तुम्हाला अजूनही पटत नसेल तर जरूर सांगा, कारण आमच्या गावात तुमच्यासारखेच प्रेक्षक जास्त आहेत.

यावरून मी हे बदल केले आहेत, बघा जमतात का.

पहिल्या अंकात बहीण बापाच्या बांधीत रोवणीला आलेली दाखवते. बाप चेष्टेने म्हणतो, दाखव गं अंगठा, पऱ्हं लावून लावून तुझ्या रेघा गेल्या, उद्या बँकेत कोण ओळखंल तुले? दुसऱ्या अंकात बाप नागपूरला दवाखान्यात असताना बहीण गळ्यातली पोत मोडून पैसे देते, आणि थोरला भाऊ रात्री तिच्यापाशी रडतो की बाई, तुझ्या पोतीवर बाप चार महिने जगला. तिसऱ्या अंकात ठसा उमटत नाही, ती अंगठा पुसते, पाहते, मूठ वळते. तोवर कारण नाही. मग थोरला चिडून म्हणतो, "तुह्या लग्नात बापानं दिलं न सारं! तू कधी काय केलं ह्या घरासाठी?"

ती काहीच बोलत नाही. नुसता गळ्याला हात लावते, जिथे पोत असायची. पडदा.

---

वैनगंगेकाठचा

मालिकेचं अजून पूर्ण पटलं नाही, पण भावाच्या नाकारण्याचा मुद्दा बिनतोड आहे, तो मी पाहिला नव्हता. तुमचा तिसरा अंक मात्र एकदम पटला. फक्त "चार महिने जगला" हे दुसऱ्या अंकात एकदाच येऊ द्या, तिसऱ्यात कुणाच्याही तोंडी नको.

---

जुना प्रॉम्प्टर

गळ्याला हात लावल्यावर लगेच पडदा पाडू नका. ऑर्गन बंद ठेवा आणि मनात पाचपर्यंत मोजा. पडदा ओढणाऱ्या पोराला हे आधी शिकवून ठेवा, तो घाई करतो.

---

बांधीवरची

काका, आमचा पडदा ओढतो तो माझा आतेभाऊ आहे. आत्याचा धाकटा. त्याला नाटक कशावर आहे हे अजून सांगितलेलं नाही. बुधवारच्या तालमीआधी त्याच्या घरी जाऊन तिसरा अंक त्याला वाचून दाखवते, आणि तो नको म्हणाला तर काय करायचं ते इथेच विचारीन.