टेस्टिंग ही ‘कोडिंग न येणाऱ्यांची सोय’ नाही

कऱ्हाडकर
काल इथे एकाने लिहिलं, “कोडिंग जमत नाही? तीन महिन्यांचा सॉफ्टवेअर टेस्टिंगचा क्लास लावा आणि आयटीत शिरा.” वाचून डोकं उठलं. पासवर्ड ८ ते १६ अक्षरांचा असेल तर ७, ८, १६, १७ तपासायचं, हे आयएसटीक्यूबी या टेस्टिंगच्या सर्टिफिकेटचं पुस्तक घोकून कोणीही सांगेल. आमच्याकडे एका अर्जात नावाची मर्यादा ३० होती. ‘ज्ञानेश्वर’ सेव्ह व्हायचं, ‘ज्ञानेश्वरी’ला एरर. डेव्हलपर म्हणे, डेटा चुकीचा असेल. टीममधली नवी मुलगी एकेक अक्षर कमी-जास्त करत बसली. ओरॅकल डेटाबेसच्या कॉलममध्ये मर्यादा अक्षरांची नाही, बाइटची निघाली. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, जोडाक्षरातला हलन्तही त्यात आला. ज्ञानेश्वर बरोबर ३०, वेलांटी लागली की ३३. इंग्रजी अक्षर एकाच बाइटचं, म्हणून इंग्रजी नावं टाकून टेस्ट केलेलं सगळं पास होतं! ही नजर ज्याला आहे त्यानेच इकडे यावं.

लातूरचा_पोरगा
नजर वगैरे ठीक आहे, पण आमच्या कॉलेजात कॅम्पसला कंपनीच येत नाही. क्लास नाही लावायचा तर शिरायचं कुठून? नुसत्या मॅन्युअलला, म्हणजे हाताने टेस्ट करायला, फ्रेशर घेतंय कोण? सेलेनियम, जावा, एसक्यूएल, पोस्टमन असली टूल्स आणि भाषा सगळं विचारतात. ते क्लासमध्येच शिकलो. पुण्यात बसून उपदेश करणं सोपं आहे.

मनीषा_क
क्लासवाल्यांचा विषय निघालाच आहे तर खरं बोला. शिकवणं नावाला, धंदा खोट्या अनुभवाचा. बंद पडलेल्या कंपनीचं लेटर, पगाराच्या स्लिपा, सगळं पॅकेजमध्ये. माझ्या चुलतभावाने ते घेतलं. नोकरी लागली, मग बॅकग्राउंड चेकवाल्यांनी यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, मागितला. पीएफच्या नोंदीत ती कंपनीच नाही. त्याच दिवशी लॅपटॉप जमा. काकांनी शेतावर कर्ज काढून फी भरली होती.

टेस्टर_अ
जाहिरातीत ‘फ्रेशर’ लिहायचं आणि आत दोन वर्षांचा अनुभव मागायचा. मग खोटं बोलायला भाग कोण पाडतं? माझ्या बॅचमधले खरं सांगणारे अजून घरी बसलेत.

मनीषा_क
म्हणजे फसवणुकीचं समर्थन? तुमच्यासारख्यांमुळेच खऱ्या अनुभवाच्या लोकांनाही इंटरव्ह्यूत चोरासारखं उलटंपालटं विचारतात. मी स्वतः ते सोसलंय.

टेस्टर_अ
समर्थन करत नाहीये. पोटाला चिमटा बसल्याशिवाय कळत नाही, एवढंच. आणि ‘तुमच्यासारख्या’ हा शब्द मागे घ्या. मी लेटर घेतलेलं नाही.

मनीषा_क
बरं, तो शब्द मागे. बाकी एक अक्षर मागे घेणार नाही.

जावावाला
भांडताय कशाला? टेस्ट केसेस, म्हणजे काय काय तपासायचं ते, आता एआय लिहितं. दोन वर्षांत टेस्टरची पोस्टच राहणार नाही.

कऱ्हाडकर
१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षेच्या कंपनीच्या एका अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं झोपली, विमानं अडकली. नियमाच्या साच्यात २१ रकाने, कोड पुरवत होता २०. आधीच्या टेस्टमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असंच ठेवलेलं, म्हणून ते उघडं पडलं नाही. केसेस होत्या, पासही झाल्या. त्या रकान्यात खरी व्हॅल्यू भरून बघायची हे कोणाला तरी सुचायला हवं होतं.

जावावाला
ते उदाहरण मान्य. पोस्ट कमी होतायत हे तरीही खरंच.

कऱ्हाडकर
कमी होतायत, नाकारत नाही. आणि लातूरकरा, क्लासबद्दल तुझं ऐकतो: कॉलेज काही देत नसेल तर लाव. पण प्लेसमेंटच्या हमीवर पैसे मोजू नकोस. रोज वापरतोस ते एखादं तिकीट बुकिंगचं अ‍ॅप घे, सापडलेले बग नीट लिही: कुठला फोन, कोणत्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. इंटरव्ह्यूला तेच घेऊन जा. मी तरी सर्टिफिकेटआधी ते वाचतो.

लातूरचा_पोरगा
लिहितो. पण एचआरच्या चाळणीतून रेझ्युमे तुमच्यापर्यंत पोचायचा कसा, ते अजून कोणी सांगितलं नाही.

मनीषा_क
ओळखीच्याकडून रेफरल. आणि अनुभवाच्या रकान्यात शून्य.