लिनक्सवर चॅट आणि व्हिडिओ कॉल: तुमचे अनुभव लिहा

मागच्या मंगळवारी माझी एक मुलाखत होती, व्हिडिओ कॉलवर. पहिली वीस मिनिटं छान गेली, मग ते म्हणाले कोड दाखवा, मी स्क्रीन शेअर केली आणि पलीकडच्या तिघांनाही नुसता काळा चौकोन दिसत होता, त्यात माउसचा बाण तेवढा फिरत होता. माझ्याकडे सगळं नीट दिसत असल्यामुळे मला कळायलाच वेळ लागला. शेअरिंग बंद करून परत चालू केलं, कॉल सोडून परत आलो, शेवटी त्यातले एक जण म्हणाले "राहू द्या, तोंडी सांगा". तीन महिने तयारी केली होती. तोंडी सांगितलं, पण चित्त उडालं होतं ते उडालंच.

लिनक्स सोडायचं नाहीये मला. नऊ वर्षं झाली, माझं सगळं काम त्यावर चालतं आणि उत्तम चालतं. पण एडिटर बिघडला तर मी माझ्या सवडीने बघतो, कॉल बिघडला की चार माणसं ताटकळत बसतात आणि त्यांच्या लेखी चूक माझीच असते. हे फार लागतं.

म्हणून विचारतोय, तुमचं काय काय झालं ते मोकळेपणाने लिहा. डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) कुठला, वेलँड का एक्स ११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी आणि जुनी यंत्रणा), अ‍ॅप डेस्कटॉपचं का ब्राउझरमधलं, एवढं सांगा. अ‍ॅपचं नाव नका घेऊ, नावावरून भांडणं लागतात आणि मुद्दा राहतो बाजूला.

*

काळा चौकोन म्हणजे बहुतेक वेळा वेलँड. एक्स ११ मध्ये कुठलाही प्रोग्राम अख्खी स्क्रीन वाचू शकायचा, कुणाला विचारावं लागायचं नाही, त्यामुळे शेअरिंग आपोआप चालायचं (आणि त्याच कारणाने ते धोक्याचंही होतं, तुमचा पासवर्डही कुणी वाचू शकलं असतं). वेलँडने तो दरवाजा बंद केला. आता अ‍ॅपने पोर्टलकडे (तुमची परवानगी घेणाऱ्या मधल्या प्रोग्रामकडे) मागणी करायची, पोर्टल तुम्हाला विचारणार कुठली खिडकी दाखवू, तुम्ही हो म्हटलं की चित्र पाइपवायरमधून (आवाज आणि व्हिडिओ वाहून नेणाऱ्या सेवेतून) अ‍ॅपकडे जाणार. ज्या अ‍ॅपने हा रस्ता घेतलाच नाही ते एक्सवेलँडमध्ये (वेलँडवर जुनी एक्स ११ ची अ‍ॅप चालवायची सोय) बसून राहतं आणि तिथून त्याला तुमच्या वेलँडवरच्या खिडक्या दिसतच नाहीत. फेडोरा या डिस्ट्रोने वेलँड डीफॉल्ट केलं २०१६ मध्ये. एवढ्या वर्षांत ज्यांनी डेस्कटॉप क्लायंट सुधारला नाही त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे, तीच मीटिंग ब्राउझरमध्ये उघडा. फायरफॉक्स आणि क्रोमियम दोघांनाही पोर्टलचा रस्ता माहितीये. केडीई हा डेस्कटॉप असेल तर एक्सवेलँड व्हिडिओ ब्रिज म्हणून एक छोटं टूल २०२३ पासून आहे, ते जुन्या अ‍ॅपला वेलँडच्या खिडक्या दाखवतं. लॉगिनच्या वेळी एक्स ११ सेशन निवडा असा सल्ला पूर्वी सर्रास द्यायचे, पण त्याच्यावर आता विसंबू नका, उबुंटू २५.१० मधून ग्नोम या डेस्कटॉपचं ते सेशन गेलंय.

मी स्वतः स्वे (वेलँडवरचा एक विंडो मॅनेजर) वापरते. माझ्याकडे दोन पोर्टल एकाच वेळी इन्स्टॉल झाली होती, एक ग्नोमचं आणि एक स्वेला लागणारं, आणि कुणी उत्तर द्यायचं हे ठरत नव्हतं. त्यामुळे लॉगिन केल्यावर पहिलं अ‍ॅप उघडायला बरोबर २५ सेकंद लागायचे. डी-बसचा (प्रोग्राम ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्याचा) टाइमआउट तेवढाच असतो हे कळायला मला दोन रविवार लागले. नको असलेलं पोर्टल काढलं आणि प्रश्न संपला.

*

माझा त्रास आवाजाचा. मी गणित शिकवते, ऑनलाइन, आठवी ते दहावी. ब्लूटूथ हेडफोन घेतला कारण वायरमुळे पाटीवर लिहिताना हात अडकायचा. गाणी ऐकायला हेडफोन अप्रतिम. पण कॉल चालू झाला, माइक ऑन झाला की मुलांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, आणि मुलं म्हणायची "टीचर तुमचा आवाज रेडिओसारखा येतोय". मी हेडफोन बदलला, लॅपटॉप बदलायचा विचार केला, डिस्ट्रो तर दोनदा बदलला.

खूप वाचल्यावर समजलं की ब्लूटूथचीच मर्यादा आहे ती. ए२डीपी प्रोफाइलवर (ब्लूटूथची गाणी ऐकायची पद्धत) आवाज चांगला असतो पण त्यात माइक नाही. माइक हवा असेल तर हेडसेट प्रोफाइलवर जावं लागतं आणि तिथे जुना कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) लागला तर ८ किलोहर्ट्झ, म्हणजे लँडलाइन फोनइतकाच आवाज. एमएसबीसी कोडेक मिळाला तर १६ किलोहर्ट्झ, तो बोलण्यापुरता बरा. माझ्या जुन्या सिस्टिमवर पल्सऑडिओ (आवाजाची जुनी व्यवस्था) होतं आणि ते पहिल्या कोडेकवरच अडकून बसलं होतं. पाइपवायर असलेल्या डिस्ट्रोवर गेल्यावर एमएसबीसी आपोआप मिळाला आणि मुलांची तक्रार थांबली. पण मी आता काय करते सांगू का, ऐकायला हेडफोन ए२डीपीवरच ठेवते आणि बोलायला साधा यूएसबी माइक टेबलावर. सेटिंगमध्ये इनपुट तो माइक, आउटपुट हेडफोन. दीड वर्षात एकदाही कटकट नाही. ज्यांना रोज तासन् तास बोलावं लागतं त्यांनी हेच करावं असं मी कळकळीने सांगेन.

मला वाईट याचं वाटतं की त्या खराब आवाजाच्या सहा महिन्यांत दोन मुलं क्लास सोडून गेली, त्यांच्या पालकांनी कारण दिलं "आवाज कळत नाही".

*

माझं छोटंसं. ग्नोमने २०१७ मध्ये खालचा जुना ट्रे (मागे चालू असलेल्या प्रोग्रामची चिन्हं दिसायची ती जागा) काढून टाकला. चॅटचं अ‍ॅप मात्र खिडकी बंद केली की ट्रेमध्ये जाऊन बसतं, आणि ट्रे नाहीच, मग ते आहे का बंद झालं काही कळत नाही. माझ्या ऑफिसचे अर्ध्या दिवसाचे मेसेज असेच गेले, सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम उत्तर देत नाहीये. अ‍ॅपइंडिकेटर एक्सटेन्शन (ती चिन्हं परत दाखवणारं) टाका, उबुंटूमध्ये आधीपासून असतं, फेडोरामध्ये आपल्याला टाकावं लागतं.

*

मी तुमच्यापेक्षा बराच जुना आहे, वय ६८. गेम (Gaim) नावाचा प्रोग्राम होता तेव्हापासून चॅट करतोय, २००७ मध्ये त्याचं नाव पिजिन झालं. एका खिडकीत चार-पाच नेटवर्कची माणसं दिसायची, कोण कुठल्या कंपनीचं अ‍ॅप वापरतंय याच्याशी आपल्याला देणंघेणं नव्हतं. आवाजाचं तेव्हा आजच्यापेक्षा वाईट होतं हे मान्य, एका प्रोग्रामने साउंड कार्ड धरलं की दुसऱ्याला मिळायचंच नाही अशी गत असायची. पण मजकूर मात्र कधी अडला नाही.

आता मुलगी परदेशात असते, नातू चार वर्षांचा. घरचे सगळे ज्या मेसेजिंग अ‍ॅपवर आहेत त्याचं लिनक्ससाठी अधिकृत डेस्कटॉप अ‍ॅप नाही. ब्राउझरमध्ये लिहिता-वाचता येतं, तेही फोनशी जोडून, आणि फोन १४ दिवस वापरला नाही की जोडणी तुटते. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फोन तीन आठवडे कपाटात होता, नंतर कॉम्प्युटरवर बसलो तर सगळं लॉगआउट. नातवाला मोठ्या स्क्रीनवर बघायचं हीच एक हौस आहे हो. शेवटी मुलीला म्हटलं तू माझ्यासाठी एवढं कर, मी एक लिंक पाठवतो ती उघड. जित्सी या व्हिडिओ कॉलच्या साइटची लिंक होती, दोघांनी ब्राउझरमध्ये उघडली, काही इन्स्टॉल करावं लागलं नाही, पहिल्या मिनिटाला नातू दिसला. आता दर शनिवारी तीच लिंक. पण प्रत्येकाची मुलगी ऐकेलच असं नाही, आणि बाकी नातेवाइकांना मी कुठवर सांगत बसू?

*

काकांनी लिहिलेलं वाचून बरं वाटलं. माझा प्रश्न मराठी लिहिण्याचा आहे आणि याबद्दल कुणी बोलतच नाही. मी आयबसवर (इतर लिप्या टाइप करायचा प्रोग्राम) फोनेटिक, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी, वापरतो. एडिटरमध्ये, ऑफिसमध्ये, ब्राउझरमध्ये झकास चालतं. चॅटचं डेस्कटॉप अ‍ॅप उघडलं की कीबोर्ड बदलल्याचं वर दिसतं पण अक्षरं इंग्रजीच उमटतात. कारण ही अ‍ॅप इलेक्ट्रॉनवर बांधलेली, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात एक अख्खं क्रोमियम, आणि वेलँडवर चालवताना त्यातला इनपुट मेथडचा स्विच वेगळा चालू करावा लागतो, नाहीतर ते आयबसशी बोलतच नाही. बरं स्विच चालू नाही केला आणि एक्सवेलँडमध्येच ठेवलं तर मराठी येतं पण १२५ टक्के स्केलिंगवर सगळी अक्षरं पुसट. म्हणजे स्वच्छ वाचायचं का मराठीत लिहायचं, दोन्हीतलं एकच निवडा. आईशी मी कधी इंग्रजीत बोललो नाही, पण वर्षभर तिला इंग्रजी अक्षरांत मराठी मेसेज जात होते आणि ती बिचारी ते अडखळत वाचत होती.

मार्ग सापडला तो असा, फोनेटिक सोडून मराठी इनस्क्रिप्ट शिकलो. ते थेट कीबोर्ड लेआउटमध्ये आहे, मध्ये आयबस लागतच नाही, त्यामुळे कुठल्याही अ‍ॅपमध्ये चालतं. तीन आठवडे बोटं चुकली, आता डोळे मिटून लिहितो.

*

कॅमेऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय. नवा लॅपटॉप घेतला, वायफाय, आवाज, टचपॅड सगळं पहिल्या झटक्यात चाललं, कॅमेरा मात्र नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये कॅमेरा आतून यूएसबीला जोडलेला असायचा आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) केव्हापासूनचा आहे. नव्या पातळ मॉडेलमध्ये तो मिपी नावाच्या जोडणीने थेट प्रोसेसरला जोडतात, मग चित्रावरची सगळी प्रक्रिया सॉफ्टवेअरने करावी लागते आणि ते काम लिबकॅमेरा या सॉफ्टवेअरमध्ये अजून चालू आहे. विकत घेताना हे कुठेही लिहिलेलं नसतं! चार महिने मी प्रत्येक मीटिंगमध्ये काळ्या चौकटीतलं नाव होते, मॅनेजरने "जरा सहभाग वाढवा" असं लिहून दिलं. आता बाहेरचा यूएसबी कॅमेरा लावते. घेण्याआधी त्याच मॉडेलवर लाइव्ह यूएसबीने (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने) बूट करून कॅमेरा बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

*

माझे तर जुने मेसेजच गेले. खासगीपणासाठी नावाजलेलं मेसेंजर, डेस्कटॉप क्लायंट. मेसेजच्या डेटाबेसची किल्ली ते डेस्कटॉपच्या कीरिंगमध्ये (पासवर्डच्या तिजोरीत) ठेवतं, आणि ते बरोबरच आहे, आधी ती साध्या फाइलमध्ये उघडी पडलेली असायची. पण मी ग्नोमवरून केडीईवर गेलो. केडीईची तिजोरी वेगळी, अ‍ॅपला किल्ली सापडेना, उघडतच नव्हतं. मला वाटलं इन्स्टॉलेशन बिघडलं, सगळं पुसून नव्याने टाकलं. परत ग्नोममध्ये लॉगिन केलं असतं तरी सगळं मिळालं असतं हे नंतर कळलं. त्यात बाबांचे शेवटच्या वर्षातले मेसेज होते, फोनवर होते ते फोन बदलताना आधीच गेलेले. डेस्कटॉप बदलणार असाल तर आधी हे बघा, कृपा करून.

*

वरचं वाचून काय बोलावं सुचत नाही दादा.

माझी भर एवढीच की मी डेस्कटॉप अ‍ॅप सगळी काढून टाकली. कामाचे कॉल एका वेगळ्या ब्राउझर प्रोफाइलमध्ये, त्यात बाकी काही उघडत नाही. एका साइटवर बॅकग्राउंड पुसट करायची सोय फायरफॉक्समध्ये दिसायची नाही, त्याच खात्यावर क्रोमियममध्ये दिसायची, त्यामुळे दोन्ही ब्राउझर ठेवलेत. पंखा जोरात फिरतो कारण व्हिडिओचं एनकोडिंग प्रोसेसरवर होतं, रिझोल्युशन ७२० वर आणलं की शांत होतो. आणि कॉलच्या आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये माइकची पातळी बघते, काही साइट ती स्वतःच वरखाली करून ठेवतात.

*

धागा काढला तेव्हा एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं सांगतो, ग्नोम, वेलँड, अ‍ॅप डेस्कटॉपचं. काल मित्राला कॉल लावून बसवलं. डेस्कटॉप अ‍ॅपमधून परत काळा चौकोन, ब्राउझरमधून लगेच दिसलं, पोर्टलची खिडकीही आली. त्या दिवशी ती खिडकी आलीच नव्हती हे आता लक्षात येतंय, ती नाही आली की समजायचं पलीकडे काही दिसत नाहीये.

मुलाखत घेणाऱ्यांना मेल केला, काय झालं होतं ते दोन ओळीत लिहिलं आणि कोड दाखवायला पंधरा मिनिटं मागितली. गुरुवारी देतो म्हणालेत.

मिपी कॅमेरावाल्या ताई, तुमचं कर्नल कुठलं आहे ते लिहाल का? माझी बहीण तसलाच लॅपटॉप घ्यायला निघालीये.