मदत हवी आहे: आईची नेहमीची अर्धशिशी की मिनी स्ट्रोक? (नाशिक)

निशिगंध:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय, पण सगळं सांगितल्याशिवाय विचारता येणार नाही.

आई ६१ वर्षांची. आम्ही इंदिरानगरला राहतो. तिची अर्धशिशी कॉलेजपासूनची आणि क्रम ठरलेला: डोळ्यांपुढे चमचमणारी नागमोडी रेघ, मग डोकं, मग उलटी, मग पडदे ओढून झोप. घरात याला सरसकट 'पित्त' म्हणतात. पाळी गेल्यावर त्रास जवळपास बंदच झाला होता.

काल संध्याकाळी मेथी निवडताना म्हणाली, "अगं, या जुडीची उजवी बाजू दिसतच नाहीये मला." मग उजव्या बोटांना मुंग्या आल्या. त्या सावकाश मनगटाशी, कोपराशी, आणि शेवटी ओठाच्या उजव्या कडेला. हातातली चाळणी दाखवून "हे घे, हे... हे..." करत राहिली, शब्द काही सापडेना. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. डोकं अगदी किरकोळ दुखलं. चमचम होती का विचारलं तर म्हणे, "असेल, कोण बघत बसलंय!" चेहरा वाकडा नव्हता, दोन्ही हात नीट वर उचलले. घरच्या मशीनवर बीपी १६२/९४. गोळी चालू आहे, पण मनात येईल तेव्हा चुकवते. शुगर नाही.

आमच्या डॉक्टरांनी फोनवरच 'मायग्रेन असेल, आराम करू द्या' म्हणून विषय संपवला. बाबांचंही तेच. मामा मात्र एमआरआय कर म्हणून मागे लागलाय. आईने आज उठून पोळ्या केल्या आणि तिच्या मते प्रकरण मिटलं. या दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? डोकं फारसं दुखलं नाही, हे चांगलं की वाईट?

तिरफळ:
काळजी नका करू, उन्हाचं पित्तच असणार. माझ्या सासूबाईंना अस्संच व्हायचं. रात्री आमसुलं भिजत घालून सकाळी ते पाणी द्या.

सह्यकडा:
तिरफळ, आमसुलाशी माझं वैर नाही, पण शब्द न सापडणं पित्तात बसत नाही हो.

निशिगंध ताई, मी फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही, आणि आईंना तपासलेलंही नाही. तरी धागा नंतर वाचा, आधी त्यांना घेऊन निघा. लक्षणं गेली तरीही. टीआयए असेल, म्हणजे तुम्ही म्हणताय तो मिनी स्ट्रोक, तर पुढच्या पक्षाघाताचा धोका पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो.

आता फरक. मायग्रेनचा ऑरा, म्हणजे सहसा डोकं दुखण्याआधी येणारी चमचम-मुंग्यांसारखी लक्षणं, चढत जातो. मेंदूच्या पृष्ठभागावरून एक विद्युत लाट मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर सरकते, म्हणून मुंग्या बोटांपासून ओठांपर्यंत प्रवास करतात. आधी नजर, मग स्पर्श, मग वाचा असं एकामागून एक येतं आणि एकेक लक्षण सहसा ५ ते ६० मिनिटं टिकतं. शिवाय त्यात बहुधा काहीतरी जास्तीचं असतं: चमक, रेघा, मुंग्या. टीआयएमध्ये रक्तपुरवठा अचानक अडतो. त्यामुळे सगळं एकदम होतं आणि काहीतरी जातं: ताकद, नजर, संवेदना, बोलणं.

या हिशेबाने आईंच्या मुंग्या ऑराकडे झुकतात. पण उजवी बाजू नुसतीच नाहीशी होणं, इतक्या वर्षांनी बदललेला क्रम, वय आणि बीपी हे सगळं दुसऱ्या पारड्यात आहे. डोकं न दुखण्यावरून काहीच ठरत नाही, उतारवयात नुसता ऑरा येऊन जाणं नवीन नाही. मला तरी हे फोनवर ठरवता आलं नसतं. एमआरआय करताना डिफ्युजन, म्हणजे ताजी इजा दाखवणाऱ्या खास प्रतिमा, घेणार ना, हे विचारा. ताजी, छोटी इजा साध्या सीटीत सुटू शकते. सोबत मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) आणि ईसीजी लागेल.

स्वतःहून ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव नाही हे आधी स्कॅनमध्ये दिसू दे. घरात मायग्रेनच्या जुन्या ट्रिप्टान गोळ्या असतील तर त्याही नकोत, त्या रक्तवाहिन्या आकसवतात.

खमंग_चिवडा:
मीही ऑरावाली, नाशिकरोडहून. पुन्हा झालं तर एकेक डोळा झाकून बघायला सांगा. ऑरा सहसा दोन्ही डोळ्यांनी दिसतो. एकाच डोळ्यावर पडदा आला तर ते वेगळं, डॉक्टरांना आवर्जून सांगा. पण यात वेळ दवडू नका, १०८ लावा आणि सुरुवात किती वाजता झाली ते लिहून ठेवा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते पेशंट शेवटचा ठणठणीत होता तेव्हापासून मोजतात. मुंबई नाक्याच्या गर्दीत स्वतः गाडी हाकत जाऊ नका. रात्रीही सीटी होतो आणि स्ट्रोकचा पेशंट घेतात असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा. बाहेर न्यूरोलॉजिस्टची पाटी असली म्हणजे रात्री कुणी असतंच असं नाही.

निशिगंध:
सगळ्यांचे आभार. सह्यकडा, तुमचा प्रतिसाद बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, मग हलले. डिफ्युजनमध्ये ताजं काही नाही. मानेचा डॉपलर ठीक. न्यूरोलॉजिस्टच्या मते ऑराच जास्त वाटतोय, पण त्यांनी टीआयए कागदावरून खोडलेला नाही. बीपीची गोळी बदलली, आणि हृदयाचे ठोके अनियमित नाहीत ना हे बघायला होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं ईसीजीचं यंत्र, लावलंय. आंघोळ नाही म्हणून आई माझ्यावर भडकली आहे.

एक राहिलंच. परवा एकादशी आहे आणि ती उपवास सोडायला तयार नाही. उपाशी राहिलं की पूर्वी तिचं डोकं हमखास उठायचं. शिवाय आता बीपीची नवी गोळी. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्याकडे अशा वेळी घरच्यांची समजूत कशी काढता?