मदत हवी आहे: कुत्रीच्या खुब्यांचं दुखणं – औषध लागू पडतंय की नाही, ओळखायचं कसं?

खारूताई:

आमची ढमी, १० वर्षांची लॅब्रॅडॉर. पिल्लू असताना लाडाने ठेवलेलं नाव आता शब्दशः खरं झालंय, वजन ३८ किलो. गेले सात-आठ महिने बसलेली उठताना तिला फार वेळ लागतो. पुढच्या पायांवर भार टाकून मागचं धूड ओढते, पाच-सहा पावलं अडखळते आणि एकदा अंग मोकळं झालं की बरी चालते. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबून माझ्याकडे बघत राहते.

एक्सरेत दोन्ही खुबे खराब दिसले. वाटी उथळ, कडेने हाड वाढलेलं. डॉक्टर म्हणाले की लहानपणापासूनच सांधे सैल असणार (हिप डिस्प्लेसिया) आणि त्यावर आता झिजेचा संधिवात चढलाय. त्यांनी कार्प्रोफेन (वेदनाशामक गोळी) दिलं. १५ दिवस बाई खूश होत्या. मग घरात कोणीतरी "या गोळ्यांनी यकृत जातं" असं बोललं आणि आम्ही परस्पर बंद केलं (माहितीये, चुकलं). त्यानंतर सांध्यांसाठी म्हणून मिळणारी ग्लुकोसामाईनची पावडर सुरू केली, तिला आता तीन आठवडे झाले. डॉक्टर आता महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवतायत.

माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. पावडरीने आईच्या मते ढमी "उड्या मारायला लागलीय". भाऊ म्हणतो ढिम्म फरक नाही, आणि वादात पुरावा हवा म्हणून तो येताजाता तिचे व्हिडिओ काढतो. मला सकाळी एक वाटतं नि संध्याकाळी दुसरं. ढमीला विचारायची सोय नाही. मग उपयोग होतोय की नाही हे ठरवायचं कसं? यावर काही संशोधन आहे का? कोणी वाचलं असेल, तर प्लीज सांगा.

कट्ट्यावरचा:

पावडर चालू ठेवा. आमच्या पामेरियनला महिनाभरात फरक पडला होता.

उंबरठा:

माणसांची आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक वगैरे "अर्धीच गोळी देऊन बघू" म्हणून देऊ नका. कुत्र्यांच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. तुम्ही दिली असं म्हणत नाही, पण अशा धाग्यावर चौथ्या-पाचव्या प्रतिसादात कोणीतरी तो सल्ला देतंच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

जुनी_वही:

पशुवैद्यकीचं शिक्षण झालंय, सध्या प्रॅक्टिस करत नाही. त्यामुळे हे वाचलेलं-शिकलेलं समजा, ढमीला तपासून दिलेला सल्ला नव्हे.

खारूताई, तुमच्या घरात जे चाललंय ना, त्यावर चक्क अभ्यास झालाय. २०१२मध्ये अमेरिकेत एका औषधचाचणीतली फक्त प्लासिबो मिळालेली, म्हणजे औषध नसलेली गोळी घेणारी ५८ संधिवाती कुत्री वेगळी काढून तपासली. पाय जमिनीवर किती जोराने टेकतो, हे मोजणारी फोर्स प्लेट असते. तिच्यावर कुत्र्यांना चालवलं, आणि मालकांना व डॉक्टरांना काय वाटतं तेही विचारलं. मालकांच्या बाबतीत सुमारे ५७ टक्के वेळा प्लासिबोचा परिणाम दिसला. कुत्रं होतं तिथेच, बरं वाटलं ते मालकाला. आणि डॉक्टरही यातून सुटले नाहीत, त्यांचा आकडा ४० ते ४५ टक्के होता! कुत्र्याला प्लासिबो कळत नाही, तो होतो त्याच्या माणसांना.

त्यात या दुखण्याचा स्वभावच वरखाली होण्याचा. आपण औषध सुरू करतो ते कुत्रं सगळ्यात वाईट अवस्थेत असताना. पुढचे दोन आठवडे काहीही केलं नाही तरी थोडं बरं दिसण्याचीच शक्यता जास्त. कट्ट्यावरचा, तुमच्या पामेरियनबद्दल शंका घेत नाही, पण "आमच्याला फरक पडला" यावर विसंबता येत नाही ते यामुळे.

ग्लुकोसामाईन आणि त्याच्या जोडीने दिलं जाणारं कॉन्ड्रॉइटिन, यांच्याबद्दल: कुत्र्यामांजरांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारा एक आढावा २०२२मध्ये आला. वेदना कमी होण्याच्या बाबतीत ओमेगा-३ला चांगला आधार मिळाला, या जोडगोळीला मिळाला नाही. सहसा अपाय होत नाही, पण तिच्या भरवशावर दुखणाऱ्या कुत्रीची खरी वेदनाशामक गोळी बंद करणं हाच अपाय. ओमेगा-३ म्हणजे माशाचं तेल, कॉड लिव्हर ऑइल नव्हे. त्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, मोठ्या मात्रेत ते बाधतं. मात्रा डॉक्टरांकडूनच घ्या.

आता खरं बोलायचं ते ३८ किलोंबद्दल. राग मानू नका. २०१०च्या एका अभ्यासात १४ लठ्ठ, संधिवाती कुत्र्यांचं वजन हळूहळू उतरवलं. साधारण ६ टक्के उतरलं तेव्हाच लंगडणं मोजण्याइतकं कमी झालं. ढमीच्या हिशोबात सव्वादोन किलो. त्याआधीचा प्युरिना कंपनीचा लॅब्रॅडॉरवरचा अभ्यास तर जन्मभराचा आहे. ४८ पिल्लं, २४ जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य १३ वर्षं भरलं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांच्या उपचाराची गरजही कमी खाणाऱ्यांना बरीच उशिरा पडली. कंपनी कुत्र्यांचं खाणं विकणारी आणि निष्कर्ष "कमी खायला घाला", म्हणून माझा त्यावर जरा जास्तच विश्वास आहे.

खारूताई:

बापरे, ५७ टक्के! आईला वाचून दाखवलं. "मी काय मशीन आहे का" म्हणाली.

पण मग कार्प्रोफेन पुन्हा सुरू करायचं की इंजेक्शन? इंजेक्शनचं नाव लिब्रेला. त्याबद्दल इतकं उलटसुलट वाचलं की झोप उडाली.

निवांत_नाना:

एक विचारू? मागच्या पायांची नखं पुढून घासली जातात का? पंजा उलटा पडतो का? आमच्या जर्मन शेफर्डला वर्षभर खुब्याचं दुखणं समजत होतो. निघालं मज्जारज्जूचं, डिजनरेटिव्ह मायलोपॅथी. त्यात दुखत नाही, पायातली शक्ती हळूहळू जाते. एक्सरेत खुबे थोडे खराब होतेच, म्हणून कोणी पुढे बघितलंच नाही.

खारूताई:

नाना, लगेच जाऊन बघितलं. नखं ठीक आहेत. पंजा हाताने उलटा करून ठेवला तर तत्क्षणी सरळ करते. आणि मागचा पाय मागे ताणला की मान वळवून हाताकडे बघते, म्हणजे दुखतंच. तुमच्या शेफर्डबद्दल वाचून वाईट वाटलं.

जुनी_वही:

नानांचा प्रश्न लाखमोलाचा. ही पाहणी डॉक्टरांकडूनही नीट करून घ्या, कारण इंजेक्शनचा निर्णयही त्यावर अवलंबून आहे.

लिब्रेला म्हणजे बेडिनव्हेटमॅब. सांध्यातून वेदनेचा संदेश पोचवणाऱ्या नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाच्या प्रथिनाला धरून ठेवणारी अँटिबॉडी. युरोपात २०२०मध्ये मान्यता, अमेरिकेत २०२३मध्ये. युरोपातल्या २८७ कुत्र्यांच्या चाचणीत २८व्या दिवशी औषध घेतलेल्यांपैकी साधारण ४४ टक्के सुधारले आणि प्लासिबो घेतलेल्यांपैकी १७ टक्के. सुधारले हे ठरवलं कशावर? मालकांनी भरलेल्या प्रश्नावलीवर. तरीही दोन आकड्यांतली तफावत खरी आहे, कारण कोणाला काय टोचलंय ते मालकांना माहीत नव्हतं. प्लासिबोशी तुलना का लागते, ते या १७ टक्क्यांत दिसतं.

दुसरी बाजू. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) डॉक्टरांना पत्र काढून नोंदवलेल्या त्रासांकडे लक्ष वेधलं: तोल जाणं, फिट येणं, पायातली शक्ती जाणं, लघवीवर ताबा न राहणं, काही मृत्यूही. अशा नोंदींतला प्रत्येक त्रास औषधामुळेच झाला असं सिद्ध होत नाही, पण नजरेआड करण्यासारख्याही नाहीत. माणसांसाठी याच जातीचं टॅनेझुमॅब नावाचं औषध होतं. काही जणांचे सांधे झपाट्याने झिजले आणि २०२१मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी त्याच्या विरोधात कौल दिला. तो धोका वेदनाशामक गोळ्या सोबत घेणाऱ्यांत जास्त दिसला होता.

माझं मत विचाराल तर: ज्या गोळीने १५ दिवस खूश होती, ती रक्त तपासून पुन्हा सुरू करण्याबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. कार्प्रोफेनने यकृताला त्रास होऊ शकतो हे खरं, म्हणून तर अधूनमधून रक्त तपासायचं असतं. गोळी सोसली नाही किंवा पुरली नाही, तर इंजेक्शन आहेच. काही कुत्र्यांना त्याने खरोखर चालतं केलंय.

आणि मोजायचं कसं? तीनच गोष्टी धरा, रोजच्या. उठायला किती सेकंद लागतात, पहिली पावलं किती अडखळते, जिन्याशी काय करते. दर आठवड्याला त्याच वेळी, त्याच जागी व्हिडिओ. फरशी गुळगुळीत असेल तर मोजमाप सुरू करायच्या आधीच पायपुसणी टाका, नाहीतर श्रेय गोळीला जाईल.

खारूताई: (दहा आठवड्यांनी)

धागा वर आणतेय. रक्ताचे रिपोर्ट नीट आले, कार्प्रोफेन पुन्हा सुरू आहे. एका महिन्याने केलेली तपासणीही ठीक. नसांची पाहणी झाली, तिथे काही नाही. इंजेक्शन तूर्त नको असं डॉक्टरही म्हणाले. वजन ३५.६. खाणं वाटीने न घालता काट्यावर तोलतो. पहिला पंधरवडा तिने घरात प्रत्येकाकडे बघून असे सुस्कारे सोडले की विचारू नका.

भावाने एक भारी गोष्ट केली. सगळ्या व्हिडिओंतून एकाच जागचे, उठतानाचे सहा तुकडे काढले, तारखा उडवल्या, पत्त्यांसारखे पिसले आणि आम्हाला वेगवेगळं बसवून वाईटापासून चांगल्यापर्यंत लावायला सांगितलं. शेवटच्या आठवड्याचा तुकडा आम्ही दोघींनी सगळ्यात चांगला ठरवला. सगळ्यात वाईट म्हणून आईने जो बाजूला काढला, तो तिच्या त्या "उड्या मारतेय" आठवड्यातला निघाला.

आईचं म्हणणं, त्या दिवशी उजेड नीट नव्हता.

ढमी काल जिन्याच्या तीन पायऱ्या स्वतःहून चढली. चौथीवर बसून राहिली, मग मागून ढकलावं लागलं.